शिबिराआधीची शाळा घरातच

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. एप्रिलमध्ये तिला बालवाडीच्या उन्हाळी शिबिरात घालायचंय. पण ती आजीला सोडत नाही. शिवाय आपल्या सोलापूरचं ऊन! काय तयारी करू? – एक आई, सोलापूर

उत्तर : आठ-दहा दिवस आधीपासून तिला आजीविना थोडा वेळ मावशीकडे, शेजारी ठेवा. शिबिराची जागा एकदा दाखवून आणा. निरोप घेताना चोरून सटकू नका. ‘खाऊ खाल्लास की मी येते’ असं सांगा आणि वेळ पाळा. तिला घड्याळ कळत नाही, खाऊ कळतो. सुरुवातीचे काही दिवस रडणं स्वाभाविक आहे.

चप्पल घालणं, डबा उघडणं, ‘शू लागली’ म्हणणं घरीच शिकवा.

सोलापुरात पारा चाळिशी सहज ओलांडतो, म्हणून सकाळचंच शिबिर निवडा. सैल सुती कपडे, टोपी, पाण्याची बाटली आणि जास्तीचा कपड्यांचा जोड द्या. तहान लागायची वाट न पाहता पाणी पाजायला ताईंना सांगा. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली किंवा अंग तापलं, तर शिबिर बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा.