द्रव्यशास्त्रांतील डॉक्टर ही पदवी कशी मिळते?

आठवड्याच्या बाजारीं लोहाराच्या भात्यापुढें क्षणभर उभा राहिला नाहीं, असा विद्यार्थी आमच्या वाचकांत क्वचितच असेल. लोहार विळा लालबुंद तापवितो, ऐरणीवर ठोकून त्यास आकार देतो, आणि शेवटीं चर्र् करून तो पाण्यांत बुडवितो. यास ‘पाणी देणें’ असें म्हणतात. पाणी दिलेला विळा गवत सपासप कापतो. पाणी न दिलेल्याची धार लौकरच बसते. लोखंड तेंच, लोहार तोच, भट्टीहि तीच. मग हा फरक कोठून आला? अशा प्रश्नांचीं उत्तरें शोधणाऱ्या शास्त्राचा अल्प परिचय करून द्यावा, आणि त्यांत डॉक्टर ही पदवी मिळविण्यास काय काय करावें लागतें हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सांगावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

या शास्त्रास इंग्रजींत ‘मटेरिअल्स सायन्स अँड एंजिनिअरिंग’ असें नांव आहे. शाळेंत आपण शिकतों तें पदार्थविज्ञान निराळें. घोटाळा टाळण्याकरितां आम्ही यास द्रव्यशास्त्र म्हणूं. द्रव्याची अंतर्रचना, त्याचे गुणधर्म, तें तयार करण्याची रीत आणि प्रत्यक्ष उपयोगांतील त्याचें वर्तन, या चार गोष्टींचा परस्परसंबंध शोधणें हें त्याचें कार्य होय. विळ्याचेंच उदाहरण घेऊं. पोलादांत लोखंडाबरोबर थोडा कार्बन असतो. तें ७२७ अंश सेंटिग्रेडच्या वर पुरेसें तापविलें म्हणजे अणूंची मांडणी बदलते व कार्बन तींत सुखानें सामावतो. सावकाश निवूं दिलें, तर कार्बनास बाहेर पडून वेगळें संयुग बनविण्यास अवकाश मिळतो आणि पोलाद मऊ राहतें. एकदम पाण्यांत बुडविलें, तर कार्बन जागच्या जागीं कोंडला जातो, मांडणी ताणली जाते, आणि पोलाद अतिशय कठीण होतें. या रचनेस आडोल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकाच्या नांवावरून मार्टेन्साइट म्हणतात. ती कठीण तशीच ठिसूळहि असते. म्हणून जाणता कारागीर पाणी दिल्यावर पातें पुन्हा मंद आंचेवर धरतो.

लोहाराच्या हातास जें ठाऊक आहे त्याचें कारण सांगणें, हें शास्त्र झालें. आजवर कोणासहि ठाऊक नसलेलें एखादें कारण शोधून तें पुराव्यानिशीं सांगणें, ही डॉक्टरच्या पदवीची मुख्य अट आहे. बाकीच्या सर्व अटी या एका अटीच्या पोटांत येतात. त्या आतां क्रमानें पाहूं. मुंबईंत पवई येथें १९५८ सालीं स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत धातुशास्त्रीय अभियांत्रिकी व द्रव्यशास्त्र यांचा एक विभाग आहे. तो आमच्या विद्यार्थ्यांस जवळचा, म्हणून मुख्यतः तेथील रीत आम्ही डोळ्यांपुढें ठेवीत आहों.

पहिली अट प्रवेशाची. अभियांत्रिकीची, अथवा भौतिक किंवा रसायन यांसारख्या शास्त्राची पदवी उत्तम गुणांनीं मिळविलेली असावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें पदव्युत्तर परीक्षेंत किमान ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीपरीक्षेंत किमान ७५ टक्के गुण मिळविणारा विद्यार्थी विद्यापीठांत पात्र ठरतो; राखीव प्रवर्गांस ५ टक्क्यांची सवलत आहे. तंत्रज्ञान संस्था आपले नियम स्वतः करितात. तेथें ‘गेट’ किंवा ‘नेट’ यांसारखी परीक्षा आणि मुलाखत या दोहोंतून जावें लागतें. मुलाखतींत पाठांतराचा फारसा उपयोग होत नाहीं. “तांब्याची तार वांकविली म्हणजे ती वांकविलेल्या ठिकाणीं अधिक कठीण कां होते?” असल्या साध्या प्रश्नावर विद्यार्थी विचार कसा करितो, हें परीक्षक पाहतात.

गरीब घरच्या विद्यार्थ्यानें येथेंच धीर सोडूं नये. या अभ्यासकाळांत पात्र विद्यार्थ्यास विद्यावृत्ति मिळते. केंद्र शासनाच्या कनिष्ठ संशोधन विद्यावृत्तीचा दर जानेवारी २०२३ पासून पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये, व पुढें ४२,००० रुपये असा ठरविण्यांत आला.

दुसरी अट अभ्यासक्रमाची. डॉक्टर होऊं पाहणारा थेट प्रयोगशाळेंत जाऊन बसतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. प्रथम त्यास पुन्हा वर्गांत बसावें लागतें. उष्णतेचें गतिशास्त्र, घन पदार्थांतून अणूंचें स्थलांतर, स्फटिकरचना व तींतील दोष, क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक यांनीं परीक्षण करण्याच्या रीति, हे या शास्त्राचे आधारस्तंभ आहेत. पूर्वींचें शिक्षण जितकें कमी, तितके विषय अधिक घ्यावे लागतात. आयोगाच्या वरील नियमांनीं अशा अभ्यासास किमान १२ श्रेयांकांची मर्यादा घातली असून, त्यांत संशोधनांतील नीति हा विषयहि आवश्यक केला आहे. तो कां, हें पुढें दिसून येईल.

तिसरी अट पात्रता-परीक्षेची. विद्यार्थ्याच्या मूलभूत ज्ञानाची खोली येथें पाहिली जाते, आणि पुष्कळदां ती तोंडीच असते. फळ्याजवळ उभें राहून आकृति काढावी, आणि परीक्षकांनीं “कां?” म्हणून विचारीत जावें, असा तो प्रकार असतो. जें येत नाहीं तें “येत नाहीं” म्हणून सांगण्याचें धैर्य येथें फार कामास येतें. ही परीक्षा उतरली म्हणजेच पुढील मार्ग मोकळा होतो.

चौथी अट प्रत्यक्ष संशोधनाची; हीच सर्वांत लांब व सर्वांत कठीण. मार्गदर्शक प्राध्यापकाच्या देखरेखीखालीं विद्यार्थी एक प्रश्न निवडतो. पवईस अध्यापकांची एक प्रगति-समिति नेमलेली असते, व दर वर्षीं तिच्यापुढें आपल्या कामाचें निवेदन करावें लागतें. आयोगाच्या नियमांप्रमाणें एकंदर काळ तीन वर्षांहून कमी नसावा व सामान्यतः सहा वर्षांहून अधिक नसावा. स्त्रियांस व अपंगांस आणखी दोन वर्षांची सवलत आहे. एवढा काळ कशास लागतो? कारण भट्टींत घातलेले नमुने तडकतात, यंत्रें बंद पडतात, आणि महिनाभर खपून काढलेलें उत्तर एका दुपारीं खोटें ठरतें. अशा वेळीं विद्यार्थ्याचा खरा सोबती म्हणजे त्याची प्रयोगवही. तिच्याविषयीं दोन सत्य हकीकती आम्ही येथें सांगतों.

दान शेख्टमान हे इस्रायलचे द्रव्यशास्त्रज्ञ अमेरिकेंतील राष्ट्रीय मानक कार्यालयांत काम करीत होते. ८ एप्रिल १९८२ रोजीं, ॲल्युमिनिअम व मँगनीज यांचा अतिशय वेगानें निवविलेला मिश्रधातु इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखालीं तपाशीत असतां, त्यांस मध्यबिंदूभोंवतीं सारख्या अंतरावर दहा ठिपके दिसले. स्फटिकांत अशी मांडणी असूंच शकत नाहीं, असें त्या वेळचे सर्व ग्रंथ सांगत होते. त्यांनीं वहींत ‘दहापट’ असें टिपून पुढें तीन प्रश्नचिन्हें काढलीं. पुढें त्यांस आपला संशोधनगट सोडण्यास सांगण्यांत आलें, आणि लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दोनदां नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पंडितानें त्यांस कसून विरोध केला. पण नोंद नोंदच राहिली. १९८४ सालीं शोध प्रसिद्ध झाला, १९९२ सालीं स्फटिकाची व्याख्याच बदलावी लागली, आणि २०११ सालीं शेख्टमान यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

दुसरी हकीकत याच्या उलट आहे. यान हेन्ड्रिक शोन या तरुणानें जर्मनींतील कोन्स्टान्ट्स विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी घेतली, आणि अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तो एकामागून एक आश्चर्यकारक निबंध प्रसिद्ध करूं लागला. कांहीं वाचकांच्या ध्यानांत आलें कीं, निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांतील बारीकसारीक थरथरहि हुबेहूब सारखीच आहे! चौकशी झाली. समितीनें मूळ नोंदी मागितल्या. तों नीट ठेवलेली वही नाहीं, आणि संगणकांतील मूळ आंकडे पुसलेले. सप्टेंबर २००२ मध्यें समितीनें १६ प्रकरणीं त्यास दोषी ठरविलें. २००४ सालीं विद्यापीठानें त्याची पदवी काढून घेतली, व पुढें न्यायालयांत जाऊनहि ती त्यास परत मिळाली नाहीं. त्याचा मूळ प्रबंध खोटा आहे असें कोणी ठरविलें नव्हतें, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पदवी मिळाली म्हणजे अटी संपल्या, असें नाहीं.

पांचवी अट प्रबंधाची. संशोधन पुरें होत आलें म्हणजे विद्यार्थी समितीपुढें त्याचा सारांश मांडतो. तिची संमति मिळाल्यावर प्रबंध सादर होतो. दुसऱ्याचें लेखन आपलें म्हणून घातलेलें नाहीं ना, याची तपासणी होते. नंतर तो संस्थेबाहेरील परीक्षकांकडे जातो. आयोगाच्या नियमांप्रमाणें असे किमान दोन परीक्षक लागतात. त्यांचे अभिप्राय अनुकूल आले म्हणजे अखेरची तोंडी परीक्षा होते. तींत विद्यार्थ्यानें आपलें म्हणणें चारचौघांसमोर सिद्ध करावयाचें असतें. विद्यापीठांत पूर्वीं प्रबंधापूर्वीं एक तरी निबंध प्रसिद्ध करणें आवश्यक असे. २०२२ च्या नियमांनीं ती सक्ती काढून टाकली. तथापि आपलें काम जाणत्यांच्या टीकेस खुलें करणें हें चांगल्या संशोधकाचें कर्तव्य आहेच.

इतका लांबचा मार्ग आमच्या विद्यार्थ्यांपुढें आम्ही आजच कां मांडावा? कारण त्याची सुरुवात पवईस होत नाहीं. ती आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेंतच होते. लंबकाच्या प्रयोगांत उत्तर ९८० च्या जवळ यावें, म्हणून शेजाऱ्याच्या वहींतील आंकडे उतरून घेणारे, किंवा आधीं उत्तर लिहून मग निरीक्षणें बसविणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. आणि खरें सांगावयाचें तर, आम्हीं स्वतःहि विद्यार्थिदशेंत तसें केलें आहे. त्या वेळीं तें क्षुल्लक वाटलें. आज वाटतें कीं, ९४० उत्तर आलें होतें त्या दिवशीं “कां आलें?” असें आम्हीं विचारलें असतें, तर दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावयाची असते ही गोष्ट आम्हांस पुस्तकावांचून कळली असती. म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, पुढील प्रयोगाच्या तासास जें दिसेल तेंच वहींत लिहा. उत्तर चुकलें तर तें खोडूं नका, त्याच्यापुढें प्रश्नचिन्ह काढा, आणि ती वही जपून ठेवा.