बाळाला गुंडाळण्यासाठी चारशे रुपये पुरे

सोलापुरात नवजात बाळाला गुंडाळण्याचा खर्च शून्यापासून दोन हजारांहून अधिक रुपयांपर्यंत कितीही होऊ शकतो. आजीच्या ट्रंकेतली जुनी सुती साडी वापरली तर काहीच पैसे लागत नाहीत. चेन लावलेली तयार पिशवी घेतली तर हजाराच्या पुढेही जातात. बाळाच्या झोपेत त्यामुळे फारसा फरक पडत नाही. तो पडतो कापड किती पातळ आहे, पाय मोकळे आहेत का आणि बाळाला उकडतंय का, या तीन गोष्टींनी. त्यांना पैसे लागत नाहीत, लक्ष लागतं.

किती दिवसांची खरेदी?

नवजात बाळ झोपेत दचकतं, दोन्ही हात फाकवतं आणि त्या हालचालीनंच जागं होतं. हे दचकणं निसर्गतःच असतं आणि चार ते सहा महिन्यांत आपोआप जातं. हात छातीशी अलगद धरून ठेवले की दचकणं कमी होतं आणि झोप जरा सलग लागते. पण बाळ कुशीवर वळू पाहू लागलं की त्याच दिवसापासून गुंडाळणं बंद करायचं. काही बाळं दोन महिन्यांची होताच हा प्रयत्न सुरू करतात. म्हणजे ही खरेदी जेमतेम आठ-दहा आठवड्यांची आहे. दुकानात उभं असताना हे आठवावं.

खर्चाचे चार पर्याय

पुढचे आकडे साधारण अंदाजाचे आहेत. दुकान आणि प्रतीनुसार ते कमी-जास्त होतील.

१. जुनी सुती साडी किंवा धोतर: खर्च शून्य. बारशापर्यंत बाळाला जुनं, धुऊन मऊ झालेलं कापड वापरण्याची आपली रीत अतिशय शहाणपणाची आहे. एका नऊवारीतून सहा-सात दुपटी सहज निघतात. जरीचा आणि जाड काठ कापून टाका. कापड डांबरगोळ्यांत ठेवलेलं असेल तर मात्र बाळासाठी वापरू नका. त्या गोळ्यांतल्या रसायनामुळे काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ बळावते.

२. मीटरवर मलमल: चाटी गल्लीतल्या कापड दुकानांत साधं सुती मलमल मीटरला ८० ते १२० रुपयांच्या आसपास पडतं. ४४ इंची पन्ह्याचं साडेतीन मीटर घेतलं तर आटण्याची सोय धरून तीन चौकोनी दुपटी होतात. पिकोचे नगाला १५-२० रुपये धरले तरी तिन्हींचा खर्च साधारण चारशे रुपये होतो.

३. तयार मलमलची दुपटी: नवी पेठेत किंवा ऑनलाइन तीन नगांचा संच साधारण ६०० ते १००० रुपये. पाकिटावर ‘१०० टक्के कॉटन’ लिहिलेलं पाहा. ‘बांबू’ म्हणून विकलं जाणारं कापड बहुधा व्हिस्कोस असतं.

४. चेन किंवा वेल्क्रोची पिशवी: नगाला ५०० ते १२०० रुपये. बाळ ओलं करतंच, त्यामुळे एकीवर भागत नाही आणि खर्च दुप्पट होतो. रात्री एकट्यानं बाळ सांभाळावं लागणाऱ्या आईबाबांना तिची सोय होते, हे खरं. घ्यायचीच असेल तर पायाकडचा भाग ऐसपैस असलेली घ्या. वजन भरलेली पिशवी किंवा दुपटं अजिबात नको.

दोन-तीन मलमलची आणि तीन-चार जुन्या साडीची दुपटी असली की धुणं-वाळवणं धरूनही पुरतात.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे आणि बाळंतविड्यात ते प्रेमानं दिले जातात. टॉवेल अंघोळीनंतर अंग टिपायला उत्तम. चादर मात्र बाळाभोवती गुंडाळण्याच्या दृष्टीनं फार जाड आणि जड. ती बाळंतिणीच्या अंथरुणात वापरावी.

कापड पारखायचं कसं?

काठाचा एक धागा ओढून, बाळापासून दूर, काडीनं पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गाठ होते. नव्या कापडाला खळ असते, म्हणून वापरण्याआधी ते दोनदा धुऊन उन्हात वाळवा. पाकीटबंद मालाच्या एमआरपीत कर धरलेले असतात. त्यावर वेगळा कर मागितला तर देऊ नका. पावती जपा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पाय बांधू नका

दुपटं चौकटच्या आकारात पसरा, वरचं टोक दुमडा आणि घडीवर बाळाचे खांदे येतील असं त्याला ठेवा. हात छातीशी दुमडलेले असू द्या. दोन्ही बाजू आळीपाळीनं आणा. छाती आणि कापड यांमध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. खालचं टोक सैल सोडा. बाळाचे गुडघे वर आणि बाहेर वळायला हवेत.

अंघोळ घालणाऱ्या मावशी पाय सरळ ओढून घट्ट बांधत असतील तर त्यांना आदरानं पण स्पष्ट सांगा. पाय ताणून बांधले तर खुब्याचा सांधा निखळू शकतो. जपानमध्ये १९७५च्या सुमारास पाय मोकळे ठेवण्याची देशव्यापी मोहीम झाली आणि त्यानंतर खुबा निखळण्याचं प्रमाण झपाट्यानं घटलं. दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांकडून खुबे तपासून घ्या.

गुंडाळलेलं बाळ नेहमी पाठीवर, सपाट आणि टणक अंथरुणावर झोपवा. झोळीत ठेवू नका: हनुवटी छातीला टेकते आणि तोंडावर आलेलं कापड बाजूला करायला हात मोकळे नसतात. दूध पिताना दुपटं सोडा. भुकेलं बाळ हात तोंडाकडे नेतं. हात बांधलेले असले की ही खूण आपल्याला दिसत नाही.

सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत लंगोट आणि मलमलचा एकच पदर पुरे; दुपारी तोही नको. घरात टोपडं किंवा कुंची घालून झोपवू नका. हातपाय गार लागतात म्हणून कपडे वाढवू नका. मान आणि छाती हात लावून पाहा. ती घामट किंवा तापलेली असेल, किंवा वीज गेली असेल, तर लगेच दुपटं सोडा. अति उष्णतेनं झोपेतल्या बाळाच्या जिवाला धोका वाढतो.

मोफत काय मिळतं?

दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येऊन बाळ पाहायचं असतं. आपला सव्वा महिना जवळजवळ यातच येतो. त्यांच्यासमोर बाळ गुंडाळून दाखवा आणि शंका विचारा. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली वर्षाच्या आतल्या आजारी बाळावर मोफत उपचार होतात.

बाळ दुधासाठीही उठत नसेल, मलूल असेल, तापलेलं किंवा गार पडलेलं असेल तर ती शांत झोप समजू नका. तडक डॉक्टरांकडे न्या. दुपट्यांवर वाचलेले पैसे बाळंतिणीच्या खाण्यापिण्यावर खर्च करा. रात्री बाळासाठी उठायचं असतं तिला, आणि त्याची ताकद तिला त्यातून मिळते.