डोक्याचा मार आणि बदललेला स्वभाव : कुटुंबाची जबाबदारी

माणसाच्या स्वभावाकडे आपण त्याच्या चारित्र्याचा आरसा म्हणून पाहतो. बहुतेक वेळा ते योग्यही ठरते. परंतु वाहनावरून पडून किंवा उंचावरून कोसळून ज्याच्या मेंदूला इजा झाली आहे, त्याच्या बाबतीत हा आरसा फसवा असतो. जखम भरते, टाके निघतात, रुग्ण चालू-बोलू लागतो. भेटीला आलेले नातेवाईक 'अल्हम्दुलिल्लाह, बरा झाला' म्हणून समाधानाने परततात. घरच्यांना मात्र काही आठवड्यांतच जाणवते की, हा पूर्वीचा माणूस नाही. शांत स्वभावाचा पिता मुलांवर धावून जातो, कर्तबगार मुलगा दिवसभर बसून राहतो, हसतमुख सून क्षुल्लक कारणाने रडू लागते.

अशा वेळी घरात सामान्यतः तीन गोष्टी बोलल्या जातात : 'हा मुद्दाम करतो', 'याचे ईमान कमजोर झाले' आणि 'कोणीतरी करणी केली'. पहिल्या दोन गोष्टींनी आजारी माणूस अपराधी ठरतो. तिसरीमुळे उपचाराचे मोलाचे महिने आमिलाच्या दारात वाया जातात. दुआ श्रद्धावंताचा आधार आहे, यात शंका नाही; परंतु आजारावर औषधोपचार करण्याची ताकीदही प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच दिली आहे. दुआ आणि उपचार एकमेकांचे विरोधी नव्हेत.

रागाचा लगाम कोठे असतो?

राग येणे आणि राग आवरणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. भीती व संताप यांची ठिणगी मेंदूच्या आतील भागात पडते. कपाळामागील भाग तिला आवर घालतो, परिणामांचा विचार करतो आणि जिभेला थांबवतो. मेंदू मऊ असतो आणि त्याच्या पुढील भागाखालचे कवटीचे हाड खडबडीत असते. जोराचा धक्का बसला की मेंदू या हाडावर आपटतो व घासला जातो. त्यामुळे मार डोक्याच्या मागे लागला तरी इजा पुढच्या भागाला होऊ शकते. शिवाय मेंदूतील सूक्ष्म तंतू ताणले जातात किंवा तुटतात. ही हानी साध्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही. म्हणून 'स्कॅन तर चांगला आहे, मग हे नाटक आहे' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय.

अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात 13 सप्टेंबर 1848 रोजी फिनिअस गेज नावाच्या रेल्वेमार्गावरील मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्यातून आरपार निघाली. तो वाचला. परंतु त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी 1868 साली नोंदवले की, पूर्वी समतोल असलेला हा माणूस लहरी व शिवराळ झाला होता आणि त्याच्या मित्रांना तो ओळखू येईनासा झाला होता. या कथेचा पुढील भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. गेजने नंतर चिली देशात कित्येक वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले. रोजच्या ठरलेल्या कामाच्या शिस्तीनेच त्याला बरेचसे सावरले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. स्वभाव बदलतो ही या घटनेची पहिली शिकवण. नियमित दिनक्रमाने त्याला आधार मिळू शकतो, ही दुसरी.

बदल ओळखावेत

पहिला बदल म्हणजे भडका. तो अचानक येतो, कारणाच्या मानाने फार मोठा असतो आणि लवकर ओसरतो. दुसरा म्हणजे अनावर हसणे किंवा रडणे. यात बाहेरची भावना आतल्या भावनेशी जुळतेच असे नाही. अशा वेळी 'का रडतोस?' असे वारंवार विचारण्यापेक्षा शांतपणे विषय बदलणे हितावह असते. तिसरा बदल निरिच्छेचा. रुग्ण उठत नाही, स्नान करत नाही, नमाजची वेळ झाली तरी हलत नाही. घरचे याला आळस म्हणतात. वास्तविक, काम सुरू करण्याची मेंदूची शक्तीच येथे क्षीण झालेली असते. अशा व्यक्तीला उपदेश उपयोगी पडत नाही. 'चला, वुजू करू या' असे म्हणून हात धरणे उपयोगी पडते.

या सर्वांबरोबर उदासीनताही येऊ शकते आणि तिच्यावर उपचार होतात. कित्येकदा रुग्णाला स्वतःतील बदल जाणवतच नाही. तो खोटे बोलत नसतो. स्वतःकडे पाहण्याची त्याची क्षमताच दुखावलेली असते.

घरातील व्यवस्था

भडका उडण्यापूर्वी काय घडले, हे दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवावे : वेळ, जागा, आवाज, भूक, झोप. बहुधा थकवा व गोंगाट ही कारणे पुन्हा पुन्हा सापडतात. दूरदर्शन सुरू, मुलांचा दंगा आणि त्यातच पाहुणे, एवढा भार जखमी मेंदूला पेलवत नाही. म्हणून भेटीला येणाऱ्यांची संख्या व वेळ मर्यादित ठेवावी. बोलताना वाक्ये लहान असावीत आणि एका वेळी एकच काम सांगावे. दुपारची विश्रांती ठरलेली असावी. पाच नमाजांच्या वेळा दिवसाला आधीच एक चौकट देतात. जेवण, औषध, फिरणे व झोप त्यांच्याशी जोडून घ्यावी. उभे राहणे शक्य नसेल तर बसून आणि तेही शक्य नसेल तर इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत आहेच.

राग आला असता उभ्या माणसाने बसावे, बसून शांत न झाल्यास पहुडावे, मौन पाळावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. येथे ती प्रथम घरच्यांनी आचरणात आणावी. भडक्याच्या क्षणी वाद घालू नये, आवाज चढवू नये. मुलांना दुसऱ्या खोलीत न्यावे. झालेल्या प्रकाराविषयी नंतर, रुग्ण ताजातवाना असताना, मोजके बोलावे.

फिटची औषधे स्वतःहून बंद करू नयेत. त्यामुळे झटके येऊ शकतात. लेव्हेटिरॅसिटामसारख्या काही औषधांनी चिडचिड वाढते, म्हणून ती जाणवल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. रमजानचे रोजे ठेवण्यापूर्वीही त्यांचा सल्ला घ्यावा. डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलट्या, गुंगी किंवा अचानक आलेला गोंधळ हा स्वभावाचा भाग समजू नये. आत रक्त साचत असण्याची शक्यता असते आणि हे माराच्या काही आठवड्यांनंतरही, विशेषतः वृद्धांमध्ये, घडू शकते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.

रागाच्या भरातील शब्द

सर्वाधिक गंभीर प्रश्न रुग्णाच्या तोंडून निघालेल्या शब्दांचा असतो. झोपलेला माणूस, अजाण बालक आणि बुद्धी हरपलेली व्यक्ती यांच्यावर शरीअतने जबाबदारी टाकलेली नाही. इमाम इब्नुल कय्यिम यांनी तलाकच्या संदर्भात रागाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : ज्यात माणसाला आपण काय बोलतो याचे भान असते, ज्यात ते पूर्णपणे हरपते, आणि या दोहोंमधील अवस्था. दुसऱ्या अवस्थेतील तलाक लागू होत नाही. तिसरीबाबत विद्वानांत मतभेद आहेत. भारतात एका दमात दिलेला तिहेरी तलाक 2019 च्या कायद्याने रद्दबातल ठरविला आहे. तात्पर्य, अशा रुग्णाच्या एका भडक्यावरून घर मोडू नये आणि शेजाऱ्यांना निवाडा विचारू नये. वैद्यकीय कागदपत्रांसह जाणकार मुफ्तींकडे जावे. मेंदूची इजा झालेला प्रत्येकजण जबाबदारीतून मुक्त होतो असेही नाही. कितपत भान होते, हे डॉक्टरांच्या साक्षीने पाहावे लागते.

काळजी घेणाऱ्याचा हक्क

सब्र म्हणजे मार खात राहणे नव्हे. इजेमुळे वर्तन समजू शकते, परंतु त्यामुळे पत्नीच्या किंवा मुलांच्या अंगावर उठलेला हात सहन करणे बंधनकारक होत नाही. हिंसा होत असेल तर सुरक्षित जागी जाणे हे बेवफाईचे कृत्य नाही. घरात ही सेवा बहुधा एकाच स्त्रीवर येऊन पडते. दीर, नणंद, भाऊ यांनी आठवड्यातील दिवस वाटून घ्यावेत, तिला झोप मिळू द्यावी. जमाअतच्या लोकांनीही फळांची पिशवी देऊन न थांबता, रुग्णाला एखादा तास मस्जिदीत सोबत न्यावे. रुग्ण किंवा सेवा करणारी व्यक्ती जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागली, तर ते ईमानाची कमतरता म्हणून दटावू नये. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, नंतर मंदावते. परंतु ती वर्षानुवर्षे होत राहू शकते. कदाचित पूर्वीचा माणूस पूर्णपणे परत येणार नाही. आज जो समोर आहे, तोही अल्लाहची अमानतच आहे. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ देवो. आमीन.