आत चिप कुणाची?

शाहूपुरीत मोबाईल दुरुस्तीचं टेबल मांडून वीसेक वर्षं झाली. गिऱ्हाईक फोनच्या कंपनीचं नाव सांगतं. मी मात्र आधी बघतो, आत नेटवर्कची चिप कुणाची.

१. दुकान एकच असलं की भाव त्याचाच. २००३ साली ५०१ रुपये भरून रिलायन्सचा सीडीएमए फोन घरोघरी आला. त्या तंत्राची पेटंटं आणि बहुतेक चिपा क्वालकॉमच्या. त्या फोनमधलं कनेक्शन काढून दुसऱ्यात घालायची सोयच नव्हती.

२. स्वस्ताई चिपवाल्यांच्या चढाओढीतून येते. तैवानची मीडियाटेक चिपेबरोबर सर्किटाचा आराखडाही तयार देऊ लागली आणि दोन सिमचे चायना फोन उसाच्या फडापर्यंत पोचले. नोव्हेंबर २००९ च्या अखेरीस त्यातले आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, नसलेले फोन बंद झाले. ‘भावा, गाणी लागत्यात, फोनच लागंना!’ हे त्या आठवड्यात किती जणांनी ऐकवलं असेल!

३. एकाच मॉडेलच्या पोटात दोन चिपा असतात, हे मी चुकून शिकलो. २०१७ चे जिओफोन काही क्वालकॉमचे, काही स्प्रेडट्रमचे. कागलच्या एका आजींचा बंद फोन दुपारभर केबलला लावून बसलो. कॉम्प्युटर ओळखच दाखवेना. शेवटी बोर्डावरचं पत्र्याचं झाकण उचललं, तर आत स्प्रेडट्रम! मी क्वालकॉमचं सॉफ्टवेअर चालवत होतो. आजी तोवर बाकावर झोपल्या होत्या. मजुरी घेतली नाही.

४. पैसा ओतून मोडेम, म्हणजे हीच नेटवर्कची चिप, जमतोच असं नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, ब्रॉडकॉम, एनव्हिडिया या धंद्यातून बाहेर पडल्या. १६ एप्रिल २०१९ ला अॅपल-क्वालकॉमचा पेटंटांच्या पैशांवरून चाललेला तंटा मिटला आणि त्याच दिवशी इंटेलनं फोनच्या ५जी मोडेमचा नाद सोडला. त्या विभागाचा बहुतेक भाग अॅपलनं १ अब्ज डॉलरला घेतला, तरी स्वतःचा पहिला मोडेम फोनमध्ये यायला २०२५ उजाडलं. जुन्या-नव्या सगळ्या पिढ्यांच्या, जगभरच्या टॉवरांशी जुळवून घ्यायचं म्हणजे चेष्टा नव्हे.

५. चिप चांगली असूनही भागत नाही. फोनमध्ये योग्य बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, हवेत. कमी फ्रिक्वेन्सी डोंगराळ भागात लांब पोचते आणि जिओचं ५जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं. गगनबावडा, राधानगरीकडच्या जिओवाल्यांनी ५जी फोन घेताना कॅमेऱ्याआधी माहितीपत्रकात ‘एन२८’ (हाच तो ७०० मेगाहर्ट्झचा बँड) लिहिलंय का ते बघावं.