प्रयोगांचे आकडे एकत्र करतांना: एका शेतांतील चार निकाल किती मानावे?

नागलीस खत दिल्यानें दाणा किती वाढतो, या साध्या प्रश्नाचें उत्तर एका शेतावरून देतां येत नाहीं, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. जामसरकडील उतारावर एकाच बांधाच्या वर मुरूम व खालीं गाळ असतो. एका टेकडीवरचा अनुभव शेजारच्या टेकडीस लागू पडेलच असें नाहीं. म्हणून निरनिराळ्या गांवचे निकाल गोळा करून त्यांची सरासरी काढावी, ही पद्धत पडली. पद्धत योग्यच आहे. परंतु तींत एक खोंच आहे, आणि ती न ओळखल्यास सरासरीवर भिस्त ठेवून खतासाठीं कर्ज काढणारा शेतकरी फसतो.

उदाहरणासाठीं तीन शेतें कल्पूं या. जामसरच्या शेतांत एक साधा, म्हणजे बिनखताचा, वाफा व निरनिराळ्या खतांचे चार वाफे आहेत. जव्हारजवळील एका व मोखाड्याकडील एका शेतांत प्रत्येकीं एक साधा व एकच खताचा वाफा आहे. जामसरच्या साध्या वाफ्यांत गुंठ्यास ८ किलो नागली आली. खताच्या वाफ्यांत १२, १३, १२ व १३. म्हणजे वाढ ४, ५, ४ व ५ किलो झाली. दुसऱ्या दोन शेतांत वाढ अनुक्रमें १ व २ किलो भरली.

आतां हे सहा आकडे सरसकट मिळविले तर सरासरी वाढ साडेतीन किलो येते. उलट, जामसरच्या चार आकड्यांचा आधीं एक आकडा (४.५) करून मग तीन शेतांची सरासरी घेतली तर ती अडीच किलो येते. एकरीं चाळीस किलोंचा फरक पडला, आणि शेतांत मात्र एक दाणाही बदलला नाहीं! यापेक्षांही मोठा फरक खात्रीचा आहे. शंभरांत पंच्याण्णव वेळां खरी ठरावी अशी मर्यादा काढली, तर पहिल्या हिशेबानें वाढ सुमारें १.८ ते ५.२ किलोंच्या दरम्यान दिसते. खताचा खर्च गुंठ्यास दोन किलो नागलीच्या किंमतीइतका धरला तर नफा जवळजवळ ठरलेलाच, असें कोणीही म्हणेल. दुसऱ्या हिशेबानें तीच मर्यादा उणे २ पासून ७ पर्यंत पसरते. म्हणजे नफा होईल कीं खर्चही अंगावर येईल, हें या तीन शेतांवरून सांगतांच येत नाहीं. अशी सहा आकड्यांची सरासरी आम्हींही पूर्वीं बेलाशक केलेली आहे.

पहिला हिशेब चुकतो कोठें? जामसरच्या चारही वाढी एकाच साध्या वाफ्यापासून मोजलेल्या आहेत. तो वाफा दैवयोगानें मुरमाड कडेस पडला असेल तर चारही आकडे एकदमच फुगतात. प्रत्येक वाफ्याच्या उत्पन्नांतील आकस्मिक चढउताराचें माप, ज्यास संख्याशास्त्रांत प्रचरण म्हणतात, तें एक धरा. चार फरकांस चार स्वतंत्र साधे वाफे असते, तर त्यांच्या सरासरीचें प्रचरण अर्धें आलें असतें. साधा वाफा सामाईक असल्यामुळें तें सव्वा येतें, म्हणजे अडीच पट. कारण असें कीं, खताच्या चार वाफ्यांची चूक वांटली जाऊन चौथाईवर येते. साध्या वाफ्याची चूक एकच असून ती जशीच्या तशी उरते. उलट बाजूनें सांगावयाचें तर त्या चार निकालांचें वजन १.६ निकालांइतकेंच भरतें. शिवाय माती, पाऊस आणि राबणारे हात एकच, हें बंधन निराळेंच. त्याच वाफ्याचा दाणा व काड किंवा त्याच शेताचीं लागोपाठचीं तीन वर्षें हीं स्वतंत्र उदाहरणें मानणें, हाही याच जातीचा दोष होय.

हा विचार मूळचा शेतकीतलाच. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथें फिशर १९१९ सालीं रुजू झाले व त्यांनीं वाफ्यांच्या प्रयोगांस शास्त्र दिलें. तेथीलच येट्स व कॉक्रन यांनीं १९३८ सालीं अनेक ठिकाणच्या प्रयोगांचे निकाल एकत्र कसे तोलावे यावर लेख लिहिला. वाफ्यावाफ्यांतील चूक निराळी व ठिकाणाठिकाणांतील फरक निराळा, हें त्यांनीं स्पष्ट केलें. आपल्याकडे सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनीं शेतकी कार्यकर्त्यांसाठीं लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ सालीं निघाला. पुढें १९७६ सालीं अमेरिकेंत ग्लास यांनीं या एकत्रित विश्लेषणास ‘मेटा-ॲनालिसिस’ हें नांव दिलें, तें शिक्षणशास्त्राच्या ओघांत.

आज यावर उपाय तीन प्रकारचे आहेत. प्रत्येक शेताचा एकच आकडा करणें हा सर्वांत सोपा. मात्र कोणतें खत सरस, ही माहिती त्यांत बुडते. दुसरा, शेताच्या आंतील व शेताशेतांमधील चढउतार निरनिराळे मोजून दोन पायऱ्यांनीं हिशेब करणें. तिसरा उपाय हेजेस, टिप्टन व जॉन्सन यांनीं १९१० नव्हे, अगदीं अलीकडे २०१० सालीं मांडला: आंतील संबंध नेमका किती हें ठाऊक नसलें तरी अंदाजानें वजनें द्यावीं, आणि चूक मात्र आकड्यांवरून न मोजतां शेतांच्या गटांवरून मोजावी. हा उपाय पुष्कळ शेतें असतां चांगला चालतो. शेतें थोडीं असतां टिप्टन यांची पुढची दुरुस्ती लावावी लागते, आणि ज्यास स्वातंत्र्यांश म्हणतात तो चारांहून कमी आला तर ती दुरुस्तीही भरंवशाची राहत नाहीं. आमच्या उदाहरणांत तो दोनच आहे. तेव्हां जामसरच्या शेतांत आणखी चार वाफे पाडून कांहीं साधणार नाहीं. तेवढ्याच श्रमांत आणखी दोन गांवांत शेतें घ्यावीं.

येत्या खरिपांत जे सभासद वाफे पाडतील त्यांनीं प्रत्येक शेतांत साधे वाफे निदान दोन ठेवावे, एक चढावर व एक खालीं, आणि कोणत्या वाफ्यास काय द्यावयाचें तें चिठ्ठ्या टाकून ठरवावें. वहींत शेताचें नांव, साल, आणि कोणता आकडा कोणत्या साध्या वाफ्यापासून मोजला, हें ओळीओळींत लिहावें. वाढ तेवढी लिहून पाठविल्यास तिचा उपयोग करतां येत नाहीं. प्रत्येक वाफ्याचें वजन जसें भरलें तसेंच, मळणी आटोपतांच कळवावें.