घरचें वायफाय शेतावर कसें न्यावें
(एकदिशी अँटेनेचा धडा)

डोंगरी मुलखांतील शेतकऱ्याची एक अडचण अशी कीं, त्याचें घर गांवठाणांत असतें आणि जमीन तेथून मैल-अर्ध्या मैलावर, ओढ्यापलीकडे किंवा टेकडीच्या उतारावर असते. पूर्वीं या अंतराची तोशीस पायांस पडे. आतां ती कागदासहि पडूं लागली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यांत पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतःच्या मोबाईलवरून, शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र घेऊन करावयाची, अशी ई-पीक पाहणीची पद्धति सुरू झाली. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची मदत यांच्या कामीं पुढें तीच नोंद पाहिली जाते. परंतु तोरणा आणि राजगड यांच्या कुशींतील आपल्या वेल्हे भागांत डोंगराची एक सोंड आड आली कीं मोबाईलची रेंज जाते.

मीं महसूल खात्यांत कारकुनी करतांना गांवनमुना बाराचीं पानें जन्मभर पाहिलीं. कोरा रकाना म्हणजे पुढें काय, हें लोकांस बजावून सांगितलें. आणि निवृत्त झाल्यावर “शेतावर रेंज नाहीं, उद्यां पाहूं” असें करतां करतां स्वतःच्याच भाताची नोंद एके वर्षीं मुदतींत करूं शकलों नाहीं. त्या खजिलपणांतून जें शिकलों तें येथें क्रमानें मांडतों. आमच्या घरीं तारेनें आलेलें इंटरनेट आहे; शेतघर सव्वा किलोमीटरवर आहे; घरचें वायफाय तेथवर न्यावयाचें, इतकाच या धड्याचा विषय.

१. लहरींचा पाट

राउटर म्हणून जी लहान पेटी घरांत असते, तिच्या काडीसारख्या अँटेनेंतून लहरी चहूंकडे पसरतात. विहिरीचें पाणी उपसून माळावर मोकळें सोडावें तसा हा प्रकार आहे: दहा पावलांवर चिखल आणि शंभर पावलांवर कोरडें. लहरींचा नियम असा कीं, अंतर दुप्पट झालें म्हणजे पोंचणारी शक्ति चतुर्थांश होते. अंतर दहापट झालें म्हणजे शतांश. तेंच पाणी पाटांत घातलें तर दूरच्या खाचरास पोंचतें. पाट पाणी वाढवीत नाहीं, तो त्यास इतरत्र जाऊं देत नाहीं. एकदिशी अँटेना हा लहरींचा पाट होय.

हा लाभ डेसिबल या परिमाणानें सांगतात. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट. राउटरच्या काडीचा लाभ साधारण २ ते ५ डेसिबल असतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या छत्रीचा, ५.८ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर, सुमारें २५. हा फरक शंभरपट किंवा त्याहून अधिक झाला; आणि शक्ति शंभरपट म्हणजे अंतर दहापट.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. अँटेना जितकी बोलण्यास उपयोगी, तितकीच ऐकण्यासहि उपयोगी असते. वायफाय हें व्याख्यान नव्हे, संभाषण आहे. घरच्या टोकानें कितीहि मोठ्यानें हांक मारली, तरी शेताकडील मोबाईलचा क्षीण आवाज परत पोंचला नाहीं तर काम होत नाहीं. म्हणून एकच अँटेना घेण्यापेक्षां दोन्ही टोकांस समोरासमोर लहान लहान दोन घ्याव्या.

२. आपल्या जिल्ह्याचा पूर्वानुभव

हें तत्त्व पुणें जिल्ह्यास नवें नाहीं. मार्कोनीच्या पद्धतीचा इंग्लंडशीं बिनतारी तारायंत्राचा मार्ग १९२७ सालीं सुरू झाला, तेव्हां संदेश पाठविण्याचें ठाणें खडकीस आणि घेण्याचें ठाणें दौंडास होतें. उंच खांबांवर पडद्यासारख्या तारा टांगून आणि त्यांच्या मागें परावर्तक तारा लावून लहरी एकाच दिशेस लोटल्या जात. त्याच सुमारास, १९२६ सालीं, जपानांत उदा व यागी या अध्यापकांनीं एका दांड्यावर आडव्या काड्या बसवून एकदिशी अँटेना सिद्ध केली. माशाच्या कांट्यासारखी दिसणारी ही अँटेना वाचकांनीं घरोघर पाहिली आहे. १९७३ सालीं सिंहगडावरून दूरदर्शनचें प्रक्षेपण सुरू झाल्यावर घरांच्या आढ्यांवर हेच कांटे गडाकडे तोंड करून उभे राहिले. आणि ज्या घरास गडाची बाजू मोकळी, त्याचें चित्र स्वच्छ, हा अनुभव त्या पिढीस आहे.

जुन्नर तालुक्यांत खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांनीं उभारलेली महाकाय दुर्बीण तर याच विद्येचा कळस होय. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या तीस छत्र्या तेथें आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकतात. त्या छत्र्या भरीव पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीचें छिद्र लहरीच्या लांबीहून पुष्कळ लहान असलें म्हणजे लहर तिला भिंतच समजते. वारा मात्र आरपार जातो आणि खांबावरचा भार हलका होतो. डोंगराच्या धारेवर अँटेना लावणाऱ्यानें हा धडा लक्षांत ठेवून जाळीची छत्री पसंत करावी.

३. आधीं दृष्टि, मग खरेदी

खरेदीपूर्वीं दोन्ही ठिकाणें एकमेकांस दिसतात कीं नाहीं हें पाहावें. आम्हीं तें केलें नाहीं, त्याचें फळ भोगलें. दोन टोकांमध्यें वडिलांनीं लावलेला रायवळ आंबा उभा आहे. हिरवें पान म्हणजे बहुतांशीं पाणी, आणि पाणी या लहरी गिळतें. एक दाट झाड दहा डेसिबल, म्हणजे नऊ-दशांश शक्ति, सहज खातें. एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थानें निकाल दिला कीं, आंबा तोडा. कुऱ्हाड लावणारा गडीहि ठरला होता.

तोडण्यापूर्वीं एकदां मोजून पाहावें असें मनांत आलें. मुलास आरसा देऊन शेतघरापाशीं उभें केलें आणि सूर्याचा कवडसा घराकडे टाकण्यास सांगितलें. मी घराच्या आवारांत कोपऱ्याकोपऱ्यानें फिरलों. घराच्या छपरावरून कवडसा दिसेना. परंतु गोठ्याच्या पश्चिम कोपऱ्यावर, वीस पावलें बाजूस, तो डोळ्यांवर लख्ख आला. खांब तेथें रोवला. आंबा आजहि उभा आहे. जें काम खांब सरकविल्यानें होतें, त्यासाठीं झाड तोडूं नये.

मात्र नुसतें दिसणें पुरेसें नाहीं. लहर दोऱ्यासारख्या बारीक रेषेनें जात नाहीं; दोन्ही टोकांस निमुळती व मध्यें फुगीर अशी काकडीसारखी जागा ती व्यापते. या जागेस फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल याचें नांव आहे. सव्वा किलोमीटर अंतरास मध्यावर या काकडीची त्रिज्या ५.८ गिगाहर्ट्‌झवर सुमारें ४ मीटर आणि २.४ गिगाहर्ट्‌झवर सुमारें सव्वासहा मीटर येते. त्यांतील निदान तीन-पंचमांश भाग मोकळा हवा. म्हणजे पहिल्या लहरीस दृष्टिरेषेभोंवतीं अडीच मीटर, दुसरीस पावणेचार मीटर जागा रिकामी पाहिजे. झाडाचा शेंडा, बांध, पत्र्याचें छप्पर हीं या अंतरांत येऊं देऊं नयेत. आणि झाड वर्षाकाठीं वाढतें, हेंहि हिशेबांत धरावें.

मोकळ्या दृष्टीचें महत्त्व किती, हें व्हेनेझुएला देशांतील एका प्रयोगावरून कळेल. तेथें २००७ सालीं एर्मानो पिएत्रोसेमोली यांनीं डोंगरमाथ्यावरून मोठ्या छत्र्या रोखून ३८२ किलोमीटर अंतरावर वायफाय पोंचविलें. आड डोंगर नव्हता म्हणून तें साधलें. आड डोंगर असेल तर एका किलोमीटरवरहि साधणार नाहीं. तेथें दोन्हींकडून दिसणाऱ्या धारेवर मधलें ठाणें करणें हाच उपाय.

४. तारेंतील गळती

आमची दुसरी चूक तारेची. पहिल्या खेपेस १२ डेसिबलची अँटेना आणून छपरावर लावली आणि तेथून १५ मीटर बारीक तार खालीं राउटरपर्यंत आणली. रेंज पूर्वींहून कमी झाली! कारण असें कीं, त्या जातीची बारीक तार २.४ गिगाहर्ट्‌झवर दर मीटरास सुमारें एक डेसिबल खाते. अँटेनेनें सोळापट दिलें आणि तारेनें बत्तिसांतला एक भाग शिल्लक ठेवला. भुसभुशीत मातीच्या लांब पाटांत पाणी जिरावें तसेंच हें झालें.

यास उपाय सोपा आहे. ज्यांत यंत्र व अँटेना एकत्र जोडलेलीं असतात असें बाहेर लावण्याचें साधन घ्यावें आणि तें खांबावरच बसवावें. खालून वर नेटवर्कची साधी केबल न्यावी; ती १०० मीटरपर्यंत चालते आणि त्याच केबलीतून यंत्रास वीजहि देतां येते. घरच्या राउटरास एक यंत्र, शेताच्या खांबावर दुसरें, आणि तेथून शेतघरांतील लहान राउटरास केबल, अशी ही मांडणी आहे. शेतघरांतील राउटर मग सभोंवारच्या खाचरांवर वायफाय पसरतो. शेतावर वीज नसल्यास सौर पत्रा व बॅटरी लागते. परंतु यंत्र आठ वॅट खात असेल तर दिवसरात्रींत सुमारें २०० वॅट-तास होतात आणि आषाढांत ऊन नसतें, म्हणून बॅटरी दोन-तीन दिवसांच्या बेगमीची घ्यावी.

५. रोखण्याची रीति

४० सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत सुमारें ९ अंश रुंद असतो. सव्वा किलोमीटरवर तो जवळजवळ २०० मीटर पसरतो. म्हणजे नेम धरणें अवघड नाहीं, पण अंदाजानेंहि भागत नाहीं. एका टोकाची छत्री स्थिर ठेवून दुसरी हळूहळू फिरवावी, मग उलट करावें. आधीं आडवी, नंतर उभी. यंत्र आपल्या पडद्यावर शक्तीचा आंकडा दाखवितें. तो उणे चिन्हाचा असतो, म्हणून उणे ६५ हा उणे ८० पेक्षां चांगला. पहिलें शिखर सांपडलें कीं तेथेंच थांबूं नये, कारण मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंस लहान खोटे झोत असतात. थोडें पुढें व मागें फिरवून सर्वांत मोठें शिखर निश्चित करावें. दोन्ही अँटेना सारख्याच उभ्या किंवा सारख्याच आडव्या असाव्या. एक उभी व एक आडवी झाल्यास मोठी घट येते. शेतावर रेंज नसल्यानें आम्हीं निरोप रुमालानें दिले: डावीकडे, उजवीकडे, पुरे.

६. पाऊस, वीज व कायदा

पुष्कळांची समजूत अशी कीं, आपल्या धुंवाधार पावसांत हें चालणार नाहीं. एवढ्या अंतरावर पडत्या पावसानें या लहरींचें नुकसान नगण्य होतें. नुकसान करतें तें सांध्यांत शिरलेलें पाणी आणि आड आलेलें ओलें पान. म्हणून सांधे रबरी पट्टीनें घट्ट गुंडाळावे आणि केबल यंत्रांत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथून ठिबकतें. वळवाच्या विजांची भीति मात्र खरी आहे. खांबास जमिनींत पुरलेली भूतार जोडावी, गडगडाट सुरू होण्यापूर्वीं यंत्राचा प्लग काढावा, आणि विजेच्या तारांजवळ खांब मुळींच उभारूं नये.

कायद्याचें म्हणाल तर २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ च्या आणि ५ गिगाहर्ट्‌झचे पट्टे २०१८ च्या अधिसूचनेनें विनापरवाना वापरास खुले आहेत. परंतु शक्तीस मर्यादा आहे. २.४ वर झोतांतील शक्ति ४ वॅटांहून अधिक नसावी. २४ डेसिबलची छत्री शक्ति सुमारें अडीचशेंपट करते, म्हणून तिच्यामागील यंत्र १६ मिलिवॅटांवर आणावें लागतें. मात्र ऐकण्यास मर्यादा नाहीं, आणि छत्रीचा खरा लाभ तेथेंच आहे. यंत्रांत देश ‘भारत’ निवडावा व पासवर्ड ठेवावा. हें जाळें आपल्या घरापासून आपल्या शेतापर्यंत. दुसऱ्यांस इंटरनेट विकावयाचें झाल्यास २०२० सालीं मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेची रीतसर वाट धरावी.

तात्पर्य

दूर पोंचण्यासाठीं शक्ति वाढवावी लागते असें नाहीं. असलेल्या शक्तीस दिशा द्यावी लागते. त्यासाठीं क्रम असा: आधीं आरशानें दृष्टि तपासावी, मग खांबाची जागा ठरवावी, मग दोन्ही टोकांस सारखी अँटेना घ्यावी, तार आंखूड ठेवावी, आणि शेवटीं शांतपणें नेम धरावा. हा क्रम उलटा केला तर माझ्याप्रमाणें पैसा जातो, आणि एखाद्या चांगल्या झाडावरहि पाळी येते.

खांब उभा राहिल्यानंतरच्या खरिपांत भाताची व नाचणीची नोंद मीं बांधावर उभें राहून मुदतीच्या आठ दिवस आधीं केली. सातबारा काढून पाहिला. रकाना भरलेला होता.