पतंग कागदाचा, मर्म दोरीचे
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

संक्रांत जवळ आली की आमच्या पिंपळगाव बसवंतच्या पेठेत रंगीत पतंगांचे गठ्ठे दोरीला टांगलेले दिसू लागतात. आपण पतंग विकत आणतो, उडवतो, तो कटतो किंवा फाटतो, मग दुसरा आणतो. तो उडतो कसा, असा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात आहेच. पण पतंग एकदा आपल्या हाताने करून पाहिला म्हणजे ते अधिक चांगले कळते, असे माझे मत आहे. म्हणून घरच्या घरी पतंग कसा करावा, आणि करता करता त्यातून काय शिकायला मिळते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

आमच्या निफाड तालुक्याला लागूनच येवला तालुका आहे. पैठणीसाठी प्रसिद्ध असलेले येवला शहर पतंगासाठीही तितकेच प्रसिद्ध आहे. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस तेथे लहानथोर गच्चीवर असतात आणि हलकडीच्या तालावर पतंग चढतात. इतर गावी दोरा ज्या साधनावर गुंडाळतात त्याला आपण फिरकी किंवा चक्री म्हणतो. येवल्यात त्याची जागा आसारी घेते. मधोमध लाकडी दांडी आणि तिच्याभोवती बांबूच्या कामट्यांचा पिंजरा, असे तिचे रूप असते. येवला हे विणकरांचे गाव. धागा उकलणे आणि गुंडाळणे हे तेथील हातांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. तेव्हा अशा गावाने दोरा गुंडाळण्याचे साधन इतके नेटके करावे, यात मला तरी नवल वाटत नाही. आसारीचा फायदा साध्या गणिताने समजतो. समजा, आसारीचा घेर ६० सेंटिमीटर आहे. मग ३०० मीटर दोरा गुंडाळायला ५०० फेरे लागतील. ५ सेंटिमीटर व्यासाच्या बारीक फिरकीवर तोच दोरा गुंडाळायला सुमारे १,९०० फेरे लागतील.

पतंग घरी करण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. संत नामदेवांचे एक पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे. त्यात एक मुलगा कागद आणतो, तो कापून पतंग करतो व आकाशात उडवतो. सोबत्यांशी तो गप्पा मारीत असतो, परंतु त्याचे चित्त दोरीत असते, असा दृष्टान्त आहे. नामदेवांना त्यातून भक्ती सांगायची आहे. आपल्या विषयापुरते पाहिले तरी दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, पतंग त्या मुलाने स्वतः केला आहे. दुसरी, पतंग आकाशात असला तरी त्याचे सारे मर्म दोरीत आहे. पुढील सर्व विवेचनात वाचकांनी ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी.

साहित्य

एका पतंगाला लागते ते इतकेच : पतंगी कागदाचा एक ताव, वाळलेल्या पक्व बांबूचे एक लांब पेर, सुती दोरा, धारदार सुरी, कात्री, मोजपट्टी आणि खळ. बांबूसाठी आमच्या भागात दूर जावे लागत नाही. टोमॅटोच्या बांधणीसाठी शेतोशेती बांबू उभे असतात. त्यांतला मोडका, पण न किडलेला तुकडा चालतो. कोवळा किंवा ओला बांबू घेऊ नये. तो वाकवला की वाकलेलाच राहतो. खळ गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची करावी. दोन चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर, चकाकी येईपर्यंत ढवळत शिजवले की झाले. खळ पातळ लावावी. जाड थर वाळल्यावर जड होतो आणि कागद आक्रसतो.

कामट्या काढणे

पतंगाला दोन कामट्या असतात. उभी ती कणा आणि आडवी, वाकवलेली ती कमान. बांबू उभा चिरून घ्यावा. त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, चिवट असते. आतले पोट ठिसूळ असते. म्हणून तासायचे ते पोटाकडून, पाठ शक्यतो राखायची.

आपण ४५ सेंटिमीटर बाजूचा चौरस पतंग करणार आहोत. चौरसाचा कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट असतो. म्हणून कणा सुमारे ६४ सेंटिमीटर घ्यावा. कमान मात्र त्याहून लांब, सुमारे ७२ सेंटिमीटर हवी, कारण ती वाकून बसणार आहे. कणा सर्वत्र सारख्या जाडीचा असावा. कमान मध्यभागी जाड आणि दोन्ही टोकांकडे हळूहळू बारीक होत गेलेली असावी.

पतंगाचे निम्मे यश कमानीत असते. तिची परीक्षा दोन प्रकारे घ्यावी. प्रथम तिचा बरोबर मध्य बोटावर ठेवावा. ती कोणत्याही बाजूला कलता कामा नये. नंतर दोन्ही टोके धरून ती वाकवावी आणि दोन्ही अर्ध्या भागांचा बाक सारखा येतो का ते पाहावे. जी बाजू कमी वाकते ती जाड आहे. तेथे सुरीची एक हलकी फेर द्यावी. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले आहेत. कामटी बोटावर ठेवून ते क्षणात सांगतात, "डावीकडून दोन केस काढ." त्यांना गुरुत्वमध्य हा शब्द ठाऊक नाही, पण त्यांच्या बोटाला तो नेमका सापडतो. घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. शब्द मी येथे शिकले, परंतु त्या शब्दाचा अर्थ घरात आधीपासून होता, हे मला कामटी तासताना कळले.

कागद आणि जोडणी

कागदाचा चौरस कापून तो कर्णावर घडी घालून पाहावा. कडा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. मग कोपरा वर करून कागद पालथा ठेवावा व उभ्या कर्णावर कणा चिकटवावा. कमानीची दोन टोके डाव्या व उजव्या कोपऱ्यांत, कागदाची छोटी घडी घालून पक्की करावीत आणि मधला भाग वरच्या टोकाकडे वाकवावा. मापे वर दिल्याप्रमाणे असतील तर कमान कण्याला वरच्या टोकापासून सुमारे १८ सेंटिमीटरवर छेदते. तेथे दोऱ्याची गाठ मारावी. कमानीवर चार-पाच ठिकाणी कागदाच्या लहान पट्ट्या चिकटवाव्यात. खालच्या टोकाला कागदाचे त्रिकोणी पान लावून त्याला दोन बारीक काड्यांचा आधार द्यावा. पतंग सावलीत वाळू द्यावा. उन्हात कागद एकीकडून आधी ताणला जातो आणि पतंग जन्मभर वाकडा राहतो.

कन्नी बांधणे

येथे खरी कसोटी आहे. कणा आणि कमान जेथे छेदतात तेथे कागदाला दोन भोके पाडून दोरा ओवावा व दोन्ही कामट्यांना मिळून बांधावा. दुसरे बंधन कण्यावर, खालच्या टोकापासून सुमारे १९ सेंटिमीटरवर. दोरे कागदाच्या दर्शनी बाजूने बाहेर यावेत, म्हणजे वारा कागदाला कामट्यांवर दाबील, त्यांच्यापासून सोडवणार नाही. दोन्ही दोरे पुढे एका गाठीत आणावेत. वरचा २८ सेंटिमीटर ठेवला तर खालचा एक-दीड सेंटिमीटर जास्त ठेवावा. या एवढ्याशा फरकाने पतंगाचे डोके वाऱ्यात किंचित पुढे झुकते. वारा जोराचा असेल तर वरचा दोरा थोडा आणखी आखूड करावा; वारा मंद असेल तर थोडा सोडावा.

पतंग उडतो आणि वळतो कसा?

वारा पतंगाला मागे व वर ढकलतो. वजन त्याला खाली ओढते. दोरी त्याला पुढे व खाली धरून ठेवते. हे तीन जोर जुळले की पतंग आकाशात ठरतो. यावरून एक लोकसमज चुकीचा ठरतो. दोरी पतंगाला अडवते, ती नसती तर तो आणखी उंच गेला असता, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. कटलेला पतंग वर जात नाही. वाऱ्याबरोबर वाहू लागताच त्याला वाऱ्याचा दाब मिळेनासा होतो आणि तो हेलकावे खात खाली येतो. तात्पर्य, दोरीच्या ओढीमुळेच वारा त्याच्या उपयोगी पडतो.

आपल्या पतंगाला लांब शेपूट नसते, तरीही तो सरळ जातो, याचे कारण कमान. दोरी ताणली की वाऱ्याच्या दाबाने कमानीची दोन्ही टोके मागे वाकतात, पतंगाला पक्ष्याच्या पंखांसारखा कोन येतो आणि तो नाकासमोर सरळ धावतो. दोरी ढिली सोडली की कमान पुन्हा सपाट होते आणि पतंग गिरक्या घेऊ लागतो. गिरकी घेताना त्याचे नाक हव्या त्या दिशेला आले की दोरी ओढायची. तो त्याच दिशेला जातो. ढील आणि खेच ही सारी विद्या एवढ्यावर उभी आहे.

या ओढीचा उपयोग माणसाने पुष्कळ केला. इंग्लंडमधील शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. सॅम्युअल कोडी यांनी १९०३ साली पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. राइट बंधूंनी विमानापूर्वी, १८९९ साली, पाच फुटी पतंग करून त्याचे पंख दोऱ्यांनी पिळून पाहिले. आता पायाला फळी बांधून पतंगाच्या ओढीने समुद्रावरून घसरत जाण्याचा खेळ जगभर खेळला जातो. त्यासाठी उपयोगी पडलेल्या, हवा भरून फुगवायच्या पतंगाचे पेटंट फ्रान्समधील ब्रूनो व डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ साली मागितले. साधने बदलली, पण वारा, पृष्ठभाग आणि दोरी यांचे नाते तेच राहिले.

दोष आणि उपाय

पतंग सतत एकाच बाजूला कलत असेल तर ती बाजू जड आहे असे समजावे व दुसऱ्या टोकाला दोऱ्याचा लहानसा वेढा द्यावा. ताण देऊनही गिरक्या थांबत नसतील तर कमान फार ताठ आहे. तिची टोके थोडी तासावीत. पतंग नुसताच मागे रेलून वर चढत नसेल तर कन्नीचा वरचा दोरा आखूड करावा. डोके खाली घालून थरथरत असेल तर वरचा दोरा सोडावा. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले तर गुण कोणाचा आला ते कळत नाही. प्रयोगशाळेत विज्ञानाचे विद्यार्थी हाच नियम पाळतात, तो आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही शिकण्यासारखा आहे.

दोरा कोणता?

पतंग इतक्या निगुतीने करून त्याला नायलॉनचा मांजा लावणे म्हणजे केलेल्या श्रमांचा अपमान होय. सुती दोरा ताणाखाली तुटतो आणि उन्हापावसात कुजून जातो. नायलॉन सहजी तुटत नाही आणि कुजतही नाही. संक्रांत सरली तरी तो झाडांवर आणि तारांवर लोंबत राहतो व त्यात पक्षी अडकतात. दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाच्या गळ्याला तो पात्यासारखा लागतो. अशा बातम्या आपण दर जानेवारीत वाचतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन व इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. कायदा दुकान बंद करू शकेल, पण घेणाऱ्याचा हात त्याने स्वतःच आवरला पाहिजे. काहीजण म्हणतात, नायलॉनशिवाय पेच जिंकता येत नाही. न तुटणाऱ्या दोऱ्याने जिंकलेल्या पेचात कौशल्य कोणाचे, उडवणाऱ्याचे की कारखान्याचे? ढील केव्हा द्यावी आणि खेच केव्हा घ्यावी हे ज्याला कळते त्याला सुती दोरा पुरतो.

शेवटी मैत्रिणींसाठी दोन शब्द. आमच्या गल्लीत संक्रांतीला मुलींच्या हाती बहुधा आसारी किंवा फिरकी दिली जाते आणि दोरी भावाच्या हाती असते. आसारी धरणे हे कमी प्रतीचे काम आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ओढ कशी असते, ती बोटांना काय सांगते, हे दोरी हाती घेतल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी कोणाची परवानगी मागत बसण्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे पतंग स्वतः करावा. ज्याने पतंग केला त्याच्या हाती दोरी, हा न्याय आमच्या घरी सर्वांना मान्य झाला आहे. मागील संक्रांतीला मी केलेले तीन पतंग चढले. त्यांतले दोन कटले, तिसरा संध्याकाळी मी हाताने उतरवून घेतला. येत्या संक्रांतीसाठी बांबू वाळत घातला आहे. ज्यांना कामट्या तासायला शिकायचे असेल त्यांनी सुट्टीच्या दिवशी अवश्य यावे. सुरी आणि खळ आमच्याकडे आहे, कागद तेवढा आपापला आणावा.